गरोदर माता आणि वजनाचा काटा

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य येते : “आता दोन जिवांची आहेस, दोघांचे खा.” हे वाक्य ममतेचे आहे, आणि ज्या काळात ते रूढ झाले त्या काळात ते शहाणपणाचेही होते. दुष्काळ, अर्धपोटी मजुरी आणि एकामागून एक होणारी बाळंतपणे यांत सुनेच्या ताटात चार घास अधिक पडावेत, ही व्यवस्था या एका वाक्याने केली. परंतु आज हेच वाक्य सरसकट सर्वांना लागू करता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील, गरोदर नसलेल्या स्त्रियांचे वजन व उंची मोजण्यात आली. त्यांपैकी सुमारे २१ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या होत्या, तर २३ टक्क्यांहून काहीशा अधिक स्त्रिया वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या होत्या. म्हणजे दोन्ही टोके जवळजवळ सारखीच भरली. याच पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. त्यावरून वजन जास्त म्हणजे पोषण चांगले, असा अर्थ काढता येत नाही हेही ध्यानात येते. वजनदार स्त्रीच्या रक्तातही लोह कमी असू शकते.

समजा, एकाच गावात दोन स्त्रिया एकाच महिन्यात गरोदर राहिल्या. एक ऊसतोडीला जाणारी, ४० किलो वजनाची. दुसरी घरच्या किराणा दुकानात बसणारी, ६८ किलोंची. दोघींची उंची १५० सेंटिमीटर. ग्रामसभेत ध्वनिक्षेपकावरून “गरोदर मातांनी भरपूर खावे” असे सांगितले तर दुसरीचे नुकसान होईल. “वजन वाढू देऊ नये” असे सांगितले तर पहिलीच्या बाळाच्या जिवावर बेतेल. बाळ फार मोठे झाले तर बाळंतपण अडेल, या भीतीने मुद्दाम कमी खाणाऱ्या स्त्रिया आजही खेड्यांत आढळतात, हेही विसरता येत नाही. म्हणून या विषयातील सल्ला ध्वनिक्षेपकावरून नव्हे, तर त्या त्या स्त्रीच्या माता व बाल संरक्षण कार्डावरील नोंद पाहून द्यावा लागतो. प्रस्तुत लेखाचा सारा भर या एकाच गोष्टीवर आहे.

मोजमाप कसे करावे

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणतात. दवाखान्यात त्याला ‘बीएमआय’ असे संबोधतात. १५० सेंटिमीटर म्हणजे दीड मीटर. त्याचा वर्ग सव्वादोन. त्यामुळे या उंचीच्या स्त्रीसाठी हिशेब सोपा आहे. ४१ किलो ६०० ग्रॅमच्या खाली ती कमी वजनाची, ५६ किलोंच्या थोडे वर गेली की जास्त वजनाची आणि साडेसदुसष्ट किलोंवर गेली की जागतिक व्याख्येप्रमाणे लठ्ठ ठरते. वरच्या उदाहरणातील दुकानदारीण या शेवटच्या गटात मोडते.

परंतु जगासाठी आखलेली ही रेघ आपल्या लोकांना थोडी सैल पडते. याबाबत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांचा स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३ होता. तथापि शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आकडा एक, देह निराळे! भारतीय माणसाची चरबी प्रामुख्याने पोटाभोवती साठते व तुलनेने कमी वजनातच मधुमेहाला वाट करून देते. त्यामुळे भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली २३ च्या पुढे जास्त वजन व २५ पासून लठ्ठपणा अशी मर्यादा सुचविली. ही मर्यादा धरली तर १५० सेंटिमीटरच्या स्त्रीने ५२ किलो ओलांडताच आरोग्यसेविकेने लक्ष ठेवू लागावे.

हे मोजमाप पहिल्या बारा आठवड्यांतच व्हावयास हवे. पाचव्या महिन्यात प्रथम नाव नोंदविलेल्या स्त्रीचे मूळ वजन किती होते, हे मग कोणीही सांगू शकत नाही. वजन पायताण काढून, हलक्या वस्त्रांत आणि शक्यतो प्रत्येक वेळी त्याच काट्यावर घ्यावे. काटा बरोबर आहे की नाही हे तपासण्याचे काम शाळेतील विज्ञान शिक्षकांनी आनंदाने करण्यासारखे आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेली वजने काट्यावर ठेवून पाहिली की दोन किलोंची चूकदेखील लगेच उघड होते. आणि या विषयात दोन किलो म्हणजे थोडे नव्हे.

वाढलेले वजन जाते कोठे?

पूर्वापार नियम असा की, गरोदरपणात ९ ते ११ किलो वजन वाढावे. हे वजन कशाचे असते, हे समजून घेतले की पुढचा सल्ला आपोआप उलगडतो. बाळ सुमारे तीन किलोंचे. वार अर्ध्या किलोच्या थोडी वर. गर्भजल पाऊण ते एक किलो, वाढलेले गर्भाशय साधारण तितकेच, स्तनांची वाढ अर्ध्या किलोच्या आसपास. रक्ताचे प्रमाण वाढते त्याचा सव्वा ते दीड किलो, आणि शरीरात साठणाऱ्या पाण्याचा आणखी तेवढाच. राहिलेले सुमारे तीन किलो म्हणजे चरबी. बाळाला अंगावर पाजण्यासाठी निसर्गाने मातेच्या अंगावर करून ठेवलेली ती बेगमी होय.

ज्या स्त्रीच्या अंगावर ही बेगमी आधीपासूनच पुरेशी आहे तिला ती नव्याने साठविण्याची गरज नसते. उलट, जिच्या अंगावर काहीच नाही तिला अधिक साठवावे लागते. अमेरिकेतील वैद्यक संस्थेने २००९ साली याच विचाराने कोष्टक तयार केले. निर्देशांक १८.५ च्या खाली असणाऱ्या स्त्रीने साडेबारा ते १८ किलो, १८.५ ते २५ च्या दरम्यान असणारीने साडेअकरा ते १६, २५ ते ३० मधील स्त्रीने ७ ते साडेअकरा आणि ३० च्या पुढील स्त्रीने ५ ते ९ किलो वाढवावेत, असे ते सांगते. हे आकडे त्या देशातील स्त्रियांवरून काढलेले आहेत. आपल्याकडील ठेंगण्या बांध्याच्या स्त्रियांसाठी त्यांची खालची बाजू धरून चालणे अधिक योग्य, असे प्रस्तुत लेखकास वाटते; तरी अंतिम निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. वजन जास्त असले तरी गरोदरपण हा वजन उतरविण्याचा काळ नव्हे. त्या नऊ महिन्यांत उपासमार करणे, जेवण टाळणे किंवा बाजारातील वजन घटविण्याची औषधे व चूर्णे घेणे बाळाला घातक ठरू शकते. वाढीचा वेग आवरावयाचा, वजन घटवावयाचे नाही, हा भेद घरच्या मंडळींना नीट समजावून सांगावा लागतो. तसेच एका महिन्यात तीन किलोंहून अधिक वजन वाढले तर तो जेवणाचा परिणाम समजून स्वस्थ बसू नये. अंगावर सूज, जुळी मुले, मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब यांची ती पहिली खूण असू शकते. सोबत डोके दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

धोके कोणते?

स्थूल मातेला गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा व लघवीतून प्रथिने जाऊन झटके येण्याचा धोका अधिक. मधुमेह जडण्याचा धोकाही अधिक. बाळ प्रमाणाबाहेर मोठे होऊन त्याचे खांदे अडकणे, सिझेरियन करावे लागणे, भूल देण्यात अडचण येणे, बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होणे, टाके चिघळणे, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे हे सारे तिच्या बाबतीत जास्त संभवते. पोटात बाळ दगावण्याचे प्रमाणही अशा मातांमध्ये अधिक आढळते. याचा अर्थ प्रत्येक स्थूल स्त्रीचे बाळंतपण बिघडते असा नव्हे. बहुसंख्य बाळंतपणे सुखरूप पार पडतात. अशा स्त्रीचे बाळंतपण कोठे करावयाचे हे मात्र आधीच ठरवून ठेवावे, कळा सुरू झाल्यावर वाहन शोधण्याची पाळी येऊ देऊ नये.

यांतील मधुमेहाची तपासणी आपल्याकडे अतिशय सोपी करण्यात आली आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (२०१४, सुधारित २०१८) गरोदर स्त्री उपाशीपोटी असो वा जेवून आलेली असो, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावयाचे व दोन तासांनी रक्तातील साखर मोजावयाची. ती १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली तर गरोदरपणातील मधुमेह समजावा. पहिल्या भेटीत एकदा आणि त्या वेळी साखर ठीक आढळल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा अशी ही तपासणी करावी. मधुमेह निघाल्यास प्रथम दोन आठवडे योग्य आहार. तेवढ्याने जेवणानंतरची साखर १२० च्या खाली न आल्यास औषध. प्रवासाने दमून आलेल्या बाईला “उद्या उपाशीपोटी या” असे सांगून परत पाठविले की ती बहुधा येतच नाही. ही अडचण या पद्धतीने दूर केली आहे.

आणखी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. जाड दंडाला नेहमीचा अरुंद पट्टा बांधून रक्तदाब मोजला तर तो खोटाच जास्त दिसतो. प्रत्येक उपकेंद्रात मोठ्या मापाचा एक पट्टा असावा. त्याची किंमत फार नाही. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या दहा टक्के निधीतून तो सहज देता येईल.

ताटात काय असावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सामान्य गरोदर स्त्रीला दररोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे किती? ज्वारीची एक भाकरी आणि वाटीभर आमटी. दोन जिवांचे जेवण म्हणजे दोन माणसांचे जेवण नव्हे, हे सांगण्यास याहून सोपे उदाहरण नाही. स्थूल स्त्रीला एवढीही भर लागेलच असे नाही. मात्र प्रथिनांची गरज वाढते, शेवटच्या तीन महिन्यांत तर दररोज सुमारे २२ ग्रॅमांनी वाढते, आणि ती स्थूल स्त्रीलाही चुकत नाही. तेव्हा तिच्या ताटातून काढावयाचे ते साखर, तळण, खारी, फरसाण. वाढवावयाचे ते वरण, मटकीची उसळ, ताक, अंडे, मासळी आणि पालेभाज्या.

पालेभाज्यांचे महत्त्व सांगणारा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर होते त्यांची बाळे जन्मतः अधिक भरदार आढळली. याच अभ्यासात आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. या गावांतील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी व पोटातील इंद्रियांनी लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून असलेली! डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना ‘कृश-स्थूल’ बाळे म्हटले. हेच मूल पुढे शहरात जाऊन बैठे काम करू लागले की मधुमेहाला बळी पडण्याचा संभव वाढतो. मुलगी असेल तर ती पुढे तसाच देह घेऊन गरोदर राहते. कुपोषणाचा प्रश्न आणि लठ्ठपणाचा प्रश्न हे दोन निराळ्या खात्यांचे विषय नाहीत, हे या सहा गावांनी दाखवून दिले.

उपवासांविषयी दोन शब्द. वजन उतरावे म्हणून चतुर्थी, गुरुवार, शनिवार धरणाऱ्या स्त्रिया बहुधा त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस व शेंगदाण्याचा लाडू खातात. त्यात पिष्ट व स्निग्ध पदार्थच अधिक. भाजी नाही, डाळ नाही. शिवाय दिवसभर पोट रिकामे ठेवणे गरोदरपणात बरे नव्हे. चहाचेही तसेच. दिवसातून चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर व १६० उष्मांक पोटात जातात. चहा जेवणालगत घेतल्यास लोहाचे शोषणही कमी होते. अंगणवाडीतून मिळणारा पूरक आहार दररोज सुमारे ६०० उष्मांकांचा असतो. जास्त वजनाच्या मातेने तो नाकारू नये. तो नेहमीच्या जेवणावर भर म्हणून न घेता न्याहारीच्या जागी घ्यावा.

लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यावयाच्या असतात. त्यांतून स्थूल स्त्रीची सुटका नाही. उलट, तिच्या बाळाला पाठीच्या कण्यातील व्यंगाचा धोका थोडा अधिक असल्याने गर्भधारणेच्या आधीपासूनच फोलिक आम्ल सुरू करणे इष्ट. त्याची मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

व्यायामाचा प्रश्नही दोघींच्या बाबतीत निराळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली, काही वैद्यकीय अडचण नसलेल्या गरोदर स्त्रियांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली आहे. दुकानदारणीने रोज अर्धा तास पायी फिरावे. ऊसतोडीच्या बाईला मात्र व्यायामाचे पाठ देणे म्हणजे तिची थट्टा होय. तिला हवी ती विश्रांती; पुण्याच्या अभ्यासातही अतिश्रम करणाऱ्या मातांची बाळे लहान भरल्याचे दिसून आले.

बाळंतपणानंतर

निरनिराळ्या देशांत झालेल्या प्रयोगांचा एकत्रित विचार २०१७ साली करण्यात आला. गरोदरपणातील आहार व व्यायामाच्या सल्ल्याने वजनवाढ सरासरी ७०० ग्रॅमने कमी होते व सिझेरियनचे प्रमाणही काहीसे घटते, असे आढळले. फायदा खरा, पण थोडका. नऊ महिन्यांत फार मोठा बदल घडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. खरी संधी असते ती दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात. स्वीडनमधील दीड लाखाहून अधिक स्त्रियांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या व दुसऱ्या गरोदरपणांच्या दरम्यान ज्यांचा निर्देशांक तीन किंवा अधिक अंकांनी वाढला, त्यांच्यात दुसरे बाळ मृत जन्मण्याचा धोका सुमारे ६३ टक्क्यांनी अधिक होता. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत तीन अंक म्हणजे पावणेसात किलो. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणानंतर इतके वजन अंगावर राहून जाणे मुळीच दुर्मिळ नाही.

बाळंतिणीच्या सव्वा महिन्यात डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू देण्याची आपली चाल आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिले सहा महिने दररोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, आणि अळिवात लोह असते. परंतु १० ग्रॅम तूप, १५ ग्रॅम गूळ आणि खोबरे-खारीक घालून वळलेला एक लाडू अडीचशे उष्मांकांपर्यंत जातो. सकाळी दोन, संध्याकाळी दोन आणि वर साजूक तुपाचा शिरा, असा क्रम सव्वा महिना संपल्यावरही चालू राहिला तर ४० किलोंच्या मातेचे तो भले करील, ६८ किलोंच्या मातेचे करणार नाही. तिला एक लाडू पुरे. बाकी दूध, भाजी, वरण-भात.

स्थूल मातांना दूध उतरण्यास कधी कधी एक-दोन दिवस उशीर होतो. अशा वेळी “हिला दूधच नाही” असे म्हणून घरातील मंडळी डब्याची पावडर आणतात. आशा कार्यकर्तीच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. पैकी तिसऱ्या दिवसाची भेट अशा घरी कदापि चुकू नये. बाळ छातीशी धरून वरचेवर पाजविले की दूध येते, हे तिने शांतपणे बसून दाखवावे. अंगावर पाजणे मातेच्या वजनालाही हितकारक असते.

ज्या स्त्रीला गरोदरपणात मधुमेह झाला होता तिची साखर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावयाची असते. हीच तपासणी सर्वांत अधिक राहून जाते. बाई माहेरी गेलेली असते, कार्ड सासरी असते, आणि साखर ‘बाळाबरोबरच गेली’ असा समज असतो. ती त्या वेळी ठीक निघाली तरी पुढे दरवर्षी तपासणे आवश्यक आहे, कारण अशा स्त्रियांमध्ये पुढे कायमचा मधुमेह होण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची तारीख आणि मातेच्या या तपासणीची तारीख एकच येते. बाळाला लस टोचावयास आणलेल्या मातेची साखर त्याच दिवशी पाहिली तर वेगळा हेलपाटा पडत नाही. दुसऱ्या बाळात अंतर ठेवण्याच्या साधनाचा सल्लाही त्याच भेटीत देता येतो.

अशा मातेशी बोलावे कसे, हाही प्रश्न आहेच. चारचौघींत काट्यावर उभे करून आकडा मोठ्याने उच्चारला, किंवा “किती खातेस गं?” असे हसत विचारले, की ती बाई पुढच्या महिन्यात येत नाही. काटा आडोशाला ठेवावा, आकडा कार्डावर लिहावा व तिला एकटीला दाखवावा. सासूबाई सोबत आल्या असल्या तर त्यांनाच बोलावून घ्यावे. घरात तूप कोण वाढते हे आरोग्यसेविकेला चांगले ठाऊक असते.

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून पुढील मातांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. गावातील ग्राम आरोग्य समितीने त्याआधीच्या बैठकीत आरोग्यसेविकेकडून फक्त दोन आकडे मागून घ्यावेत, नावे नकोत : बारा आठवड्यांच्या आत किती मातांची उंची व वजन दोन्ही नोंदले गेले, आणि गेल्या महिन्यात दीड महिन्याच्या लसीला आलेल्या, मधुमेह झालेल्या मातांपैकी किती जणींची साखर तपासली गेली.